सुकाणूची गवसणी



मोटारीविषयीं बोलावयाचें म्हटलें कीं बोलणारा बहुधा एंजिनाकडे वळतो. एंजिन हें मोटारीचें काळीज, तेव्हां तसें होणें स्वाभाविक आहे. परंतु मोटार हांकणाऱ्याचा हात एंजिनाला क्वचितच लागतो. तो सारा वेळ असतो सुकाणूच्या चाकावर, ज्याला आपण व्यवहारांत स्टिअरिंग म्हणतों त्यावर. या चाकाला आवरण घालावें कीं नाहीं, आणि घालावयाचें तर कोणतें घालावें, एवढ्याच प्रश्नाविषयीं मी आज बोलणार आहें. विषय लहान आहे हें मला मान्य आहे. पण ज्यांच्या घरीं वडिलांच्या किंवा आजोबांच्या वेळची अँबॅसेडर, फियाट अथवा जीप अद्याप चालत्या स्थितींत आहे, त्यांना तो लहान वाटणार नाहीं. घाटांत ऐन वळणावर हाताखालचें आवरण बोटभर सरकलें, तर हात आणि चाक यांची तेवढ्यापुरती फारकत होते. आणि मग एंजिन कितीही उत्तम असलें तरी त्याचा उपयोग काय?

आम्हां सोनगीरकरांना हा प्रश्न दोन कारणांनीं अधिक जवळचा आहे. पहिलें कारण रस्ता. सोनगीर हें धुळ्याच्या उत्तरेस सुमारें वीस किलोमीटरांवर, जुन्या मुंबई-आग्रा रस्त्याच्या कांठीं वसलेलें आहे. टेकडीवर किल्ला, टेकडीखालीं गांव आणि गांवाला लागून रस्ता. या रस्त्यानें दक्षिणेस निघालें कीं धुळें आणि त्यापलीकडे लळिंगचा घाट. उत्तरेस निघालें कीं नरडाणा, तापीवरील सावळद्याचा पूल, शिरपूर, आणि महाराष्ट्राची हद्द संपतांच बिजासणीचा घाट. म्हणजे कोणत्याही दिशेनें गेलें तरी वळणांची परीक्षा चुकत नाहीं. दुसरें कारण ऊन. वैशाखांत आमच्याकडे पारा ४४-४५ अंशांपर्यंत चढतो. अशा दिवशीं कांचा लावून उन्हांत उभ्या केलेल्या मोटारींत, थेट ऊन पडणारे पृष्ठभाग साठ-सत्तर अंशांपर्यंत तापतात. त्यावेळीं काळ्या चाकाला हात लावणें म्हणजे तव्याला हात लावणें होय. गाडींत टाकलेला पंचा चाकावर गुंडाळून पहिला मैल दोन मैल काढणारे लोक आमच्या रस्त्यावर आपणांस दिसतील. आवरणाची खरी गरज येथून उत्पन्न होते. शोभेचा प्रश्न त्याच्या पुष्कळ मागून येतो.

मुख्य विषयाकडे वळण्यापूर्वीं एका शब्दाकडे आपलें लक्ष वेधतों. आपल्या भाषेंत आवरणाला दोन निरनिराळे शब्द आहेत: खोळ आणि गवसणी. उशीला घालतों ती खोळ. ती ढिली असली तरी चालते, किंबहुना ढिली असते म्हणूनच ती काढून धुतां येते. वीणेला अथवा तंबोऱ्याला घालतों ती गवसणी. ती त्या वाद्याच्या अंगाचें माप घेऊन शिवलेली असते. दुसऱ्या वाद्याला ती बसावयाची नाहीं. बाजारांत मोटारीच्या चाकासाठीं जें तयार मिळतें त्यांतील बहुतेक माल खोळीच्या जातीचा असतो, आणि जुन्या मोटारीला हवी असते ती गवसणी. माझें आजचें सारें म्हणणें या एका भेदांत आलें आहे.

तयार खोळ जुन्या मोटारीला कां बसत नाहीं, याला इतिहास आहे. मोटारीला प्रथम चाक नव्हतेंच. नावेच्या सुकाणूसारखी एक दांडी असे. १८९४ सालच्या पॅरिस-रूआं शर्यतींत आल्फ्रेड व्हाशरों या गृहस्थानें आपल्या पानार गाडीला दांडीऐवजीं चाक बसविलें, आणि पुढें थोड्याच वर्षांत दांडी मागें पडली. पुढचीं चाकें वळवावयास लागणारा सगळा जोर हांकणाऱ्याच्या दंडांतूनच यावयाचा, म्हणून चाकाचा व्यास मोठा ठेवीत. तरफ जितकी लांब तितका श्रम कमी. यंत्राच्या साह्यानें फिरणारें सुकाणू सर्वसाधारण विक्रीच्या मोटारींत आलें तें १९५१ सालीं, अमेरिकेंतील क्राइस्लर कंपनीच्या गाडींत. आणि आपल्याकडील सामान्य गाड्यांत तें फार उशिरां पोंचलें. म्हणून जुन्या चाकाचा व्यास सोळा-सतरा इंच असतो आणि नव्या गाडीच्या चाकाचा पंधरा इंचांच्या आसपास. दोन इंचांचा फरक ऐकावयास क्षुल्लक वाटतो. पण हिशेब करून पाहा. सतरा इंच व्यासाच्या चाकाचा बाहेरचा परीघ जवळजवळ साडेत्रेपन्न इंच भरतो. पंधरा इंची चाकाचा सत्तेचाळीस. म्हणजे सहा इंचांहून अधिक तफावत. नव्या गाडीच्या मापाची खोळ जुन्या चाकावर चढणारच नाहीं, आणि ओढून चढविली तर तिची शिवण उसवेल. उलट, दुकानदारानें कौतुकानें "मोठ्या गाडीची" म्हणून दिलेली सतरा इंची खोळ सोळा इंची चाकावर घातली, तर तिच्यांत तीन इंच ढिलाई राहील. आणि ही ढिलाई नेमकी वळणावर हाताखालीं गोळा होईल.

तेव्हां पहिलें काम मापाचें. आमचें सोनगीर तांब्यापितळेच्या भांड्यांसाठीं जुन्या काळापासून प्रसिद्ध आहे. १८८० सालच्या खानदेश गॅझेटियरांतही त्यांचा उल्लेख आहे. भांड्याचें तोंड मापल्यावांचून झांकण घडविणारा तांबट सोनगीरांत आपणांस मिळावयाचा नाहीं. तोच नियम येथें लावावा. शिंप्याचा फीत-टेप घेऊन तीन मापें घ्यावींत: चाकाचा बाहेरचा परीघ, आंतला परीघ, आणि ज्या कड्याला आपण मूठ घालतों त्या कड्याचा घेर. हें तिसरें माप बहुतेक लोक विसरतात, आणि हाताच्या दृष्टीनें तेंच सर्वांत महत्त्वाचें. जुन्या चाकाचें कडें सडपातळ असतें. समजा त्याची जाडी वीस मिलिमीटर आहे, म्हणजे घेर त्रेसष्ट झाला. त्यावर दोन मिलिमीटरांचें आवरण घातलें तर घेर पंचाहत्तर होतो, आणि बारीक कड्यापेक्षां असें किंचित् भरीव कडें पुष्कळांच्या हाताला बरें वाटतें. पण पांच मिलिमीटरांचें फोम भरलेलें आवरण घातलें कीं घेर चौऱ्याण्णवापर्यंत जातो. मग लहान हाताची बोटें तळव्याशीं मिळत नाहींत आणि मूठ अर्धवट राहते. दुकानांत गुबगुबीत आवरण बोटांनीं दाबून "काय मऊ आहे!" म्हणून खुश होणाऱ्यांनीं हें ध्यानांत घ्यावें.

आपल्या महाराष्ट्रांत जुनी गाडी म्हटली कीं दोन नांवें प्रथम तोंडीं येतात. शेठ वालचंद हिराचंद यांनीं १९४४ सालीं प्रीमियर ऑटोमोबाईल्स ही कंपनी स्थापन केली. तिच्या कुर्ल्याच्या कारखान्यांतून निघणाऱ्या फियाट ११०० या गाडीलाच १९७४ पासून पद्मिनी हें नांव मिळालें. मुंबईच्या रस्त्यांवरची ही काळी-पिवळी पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २०२३ मध्यें कायमची निवृत्त झाली. दुसरी गाडी बंगालमधील उत्तरपाड्याची अँबॅसेडर; ती १९५७ ते २०१४ पर्यंत निघत होती. या दोन्ही गाड्यांच्या जुन्या नमुन्यांत एक विशेष आहे. गिअरची दांडी खालीं तक्तपोशीवर नसून सुकाणूच्या खांबावर, चाकाच्या लगत मागें असते. सराईत हांकणारा चाकावरचा हात न उचलतां बोटें लांब करून ही दांडी गांठतो. चाकाचें कडें जाड केलें कीं बोटें आणि दांडी यांच्यांतील ही जागा कमी होते, आणि घाईच्या वेळीं बोट अडकतें. पुष्कळ जुन्या गाड्यांत भोंग्याचें पातळ धातूचें कडेंही चाकाच्या आंतल्या बाजूस असतें. आवरणाची शिवण तिकडे फुगली तर भोंगा आपोआप वाजूं लागतो, किंवा हवा तेव्हां वाजत नाहीं. म्हणून आवरणाची निवड दुकानांतल्या आरशासमोर करूं नये. गाडींत बसून, गिअरची दांडी चारी दिशांस हलवून, भोंगा दाबून मग ती करावी.

आतां एक पायरी अशी आहे कीं जी बहुतेक लोक सर्वस्वीं गाळतात. आवरण घालण्यापूर्वीं चाक नीट पाहावें. आरंभींच्या काळांत चाकाचें कडें लांकडाचें असे. पुढें पोलादी गाभ्यावर कठीण रबर, म्हणजे एबोनाइट, चढवूं लागले. आणि त्यानंतर सेल्युलोजपासून केलेले व इतर प्रकारचे प्लॅस्टिक आले. पोलाद आणि प्लॅस्टिक हीं उन्हानें सारखीं प्रसरण पावत नाहींत. वर्षानुवर्षें तापून आणि निवून प्लॅस्टिक आकसतें, आणि कड्याला, विशेषतः जेथें आरे मिळतात तेथें, भेगा पडतात. त्या भेगांतून हाताचा घाम आंत शिरतो, पोलाद गंजतें, गंज फुगतो आणि भेग आणखी रुंदावते. अशा चाकावर आवरण घातलें कीं भेग डोळ्यांआड होते, पण आंतलें काम थांबत नाहीं. ओल कोंडल्यामुळें तें उलट अधिक वेगानें चालतें. सेल्युलोज ॲसिटेट नांवाचें प्लॅस्टिक बिघडूं लागलें म्हणजे त्याला शिरक्यासारखा आंबूस वास येतो, आणि ती आम्ल वाफ कोंडून राहिली तर बिघाड जलद पसरतो. तेव्हां नाक चाकाजवळ नेण्यास लाजूं नये. वास येत असेल तर त्या चाकाला आवरण नको, मोकळी हवा हवी. गाभा हालत असेल, आरा निखळला असेल, तर आधीं जाणत्या कारागिराकडून दुरुस्ती. भेगा साध्या असतील तर त्या स्वच्छ करून, गंज खरवडून, इपॉक्सीच्या लांबीनें भरून, घांसून सारख्या कराव्यात. आजारी चाकाला झांकणें हें आजाऱ्याला शालजोडी पांघरण्यासारखेंच.

चाक निरोगी आहे असें ठरल्यावर मालाचा विचार. येथें मी सर्व प्रकारांना सारखा वेळ देणार नाहीं, कारण सर्वांची योग्यता सारखी नाहीं.

मखमल, लोकर आणि कृत्रिम केसाळ कापड हीं आपण एका वाक्यांत निकालांत काढूं. आमच्या गांवीं उत्तम घोंगड्या होत असत, परंतु लोकर ही खांद्यावर शोभते. घामेजल्या हाताखालीं ती गुळगुळीत होते आणि धूळ धरते. ट्रकवाले आपल्या चाकांना रंगीबेरंगी दोऱ्या गुंडाळून गोंडे लावतात. आग्रा रस्त्यावरील ढाब्यांपुढें उभ्या असलेल्या ट्रकांत अशीं चाकें मीं कौतुकानें पाहिलीं आहेत. त्यांतील गोंडे सोडले तर दोरी गुंडाळण्याची कल्पना मुळींच वाईट नाहीं, हें पुढें सांगणारच आहें.

पीव्हीसीचें प्लॅस्टिक आवरण सर्वांत स्वस्त, आणि जुन्या चाकाला सर्वांत घातक. हें प्लॅस्टिक मऊ राहावें म्हणून त्यांत तेलकट द्रव्यें मिसळलेलीं असतात. खानदेशच्या उन्हांत तीं हळूहळू बाहेर येतात, आवरण चिकट होतें, आणि खालच्या जुन्या प्लॅस्टिकशीं त्यांचा दीर्घकाळ संबंध आला तर तेंही मऊ पडून आवरणाचे वण कायमचे उमटतात. रेक्झीन त्याहून बरें दिसतें, पण तें ताणलें जात नाहीं. वाटोळ्या कड्यावर तें सुरकुततें, आणि सुरकुती तेथें कालांतरानें चीर. रबराच्या टोंचऱ्या दाण्यांचें आवरण पकड चांगली देतें असें विक्रेते सांगतात, आणि तें खोटें नाहीं. परंतु येथें एक यंत्राची गोष्ट समजून घेतली पाहिजे. वळण संपल्यावर पुढचीं चाकें आपण होऊन सरळ होऊं पाहतात. त्यांची मांडणीच तशी तिरपी केलेली असते. त्यावेळीं हांकणारा मूठ किंचित् सैल करतो आणि सुकाणूचें चाक तळहातांतून सरसर परत फिरतें. जुन्या गाडींत या टोंकापासून त्या टोंकापर्यंत चाकाला तीन-चार फेरे द्यावे लागतात, म्हणून ही सर फारच मोलाची. फार खरखरीत आवरण ही सर अडवितें आणि तळहात सोलतें. म्हणजे आवरणानें दोन परस्परविरुद्ध गोष्टी करावयाच्या आहेत: घट्ट धरलें असतां सुटूं नये, आणि सैल सोडलें असतां अडवूं नये.

हीं दोन्हीं कामें करणारे पदार्थ मला दोनच माहीत आहेत. एक सुती दोरी. १९२० नंतरच्या दशकांतील शर्यतीच्या मोटारींच्या चाकांना घट्ट दोरी गुंडाळण्याची चाल विलायतेंत होती, आणि ती नुसती शोभेसाठीं नव्हती. पेन्सिलीच्या शिशापेक्षां किंचित् जाड, पिळदार दोरी घेऊन, प्रत्येक वेढ्याला अर्धी गांठ देत देत कडें भरून काढतात. गांठी एकापुढें एक सरकत जाऊन कड्याभोंवतीं नागमोडी कंगोरा उठतो आणि बोटें त्यांत आपोआप बसतात. कापूस तर आमच्या खानदेशचें घरचें पीक. सुती दोरी घाम पिते, उन्हांत फार तापत नाहीं, खालच्या चाकाला अपाय करीत नाहीं, आणि कंटाळा आला तर एका संध्याकाळीं उलगडून टाकतां येते. दोष एकच: ती मळते, आणि मळ चढला कीं धुण्यापेक्षां बदलणेंच बरें. ज्यांची गाडी महिन्यांतून दोनदां बाहेर निघते, त्यांना मी निःशंकपणें दोरी सुचवीन.

दुसरा पदार्थ कातडें, आणि ज्यांची गाडी नित्य वापरांत आहे त्यांच्यासाठीं तोच राजमार्ग. मात्र कातडें म्हणजे कातड्यासारखें दिसणारें कापड नव्हे. बाभळीच्या सालीनें आणि हिरड्यानें कमावलेलें देशी कातडें ओलें केलें असतां उत्तम आकार घेतें, पण घामानें त्यावर डाग पडतात. क्रोमनें कमावलेलें कातडें अधिक मऊ आणि पाण्याला अधिक टिकणारें. बकरीचें, एक मिलिमीटरच्या आसपास जाडीचें क्रोमचें कातडें या कामाला मला सर्वांत सोईचें वाटतें. म्हशीचें कातडें मजबूत खरें, पण तें तासून पातळ केल्याशिवाय कड्याला वळत नाहीं. रंग फार काळा घेऊं नये. गडद तपकिरी रंग उन्हांत त्या मानानें कमी तापतो आणि मळही झांकतो.

कातड्याची पट्टी कड्याच्या घेराहून तीन-चार मिलिमीटर अरुंद कापतात, ही या कलेंतील मुख्य युक्ति. कडा एकमेकींना सहज मिळाल्या तर ती पुन्हां खोळच झाली. त्या ओढून मिळवाव्या लागल्या पाहिजेत. दुसरी अडचण अशी कीं, वर सांगितलेल्या सतरा इंची चाकाचा बाहेरचा परीघ साडेत्रेपन्न इंच, तर आंतला साडेअठ्ठेचाळीस. एकाच सरळ पट्टीला एका बाजूस पांच इंच अधिक लांब व्हावें लागतें. कातडें किंचित् ओलसर करून ताणलें तर हा फरक तें आपल्या अंगीं जिरवितें; रेक्झिनाला हेंच साधत नाहीं. शिवण नेहमीं चाकाच्या आंतल्या बाजूस, जेथें तळहात दाबला जात नाहीं तेथें. मेण लावलेला दोरा, दोन सुया, आणि आरीनें आधीं पाडलेलीं सारख्या अंतराचीं भोंकें. एवढ्या सामग्रीवर चांगला चर्मकार हें काम एका दिवसांत करतो. मोटारींच्या गाद्या शिवणाऱ्यापेक्षां असा जुना जोडे शिवणारा कारागीर पुष्कळदां अधिक सरस काम करतो, कारण वांकलेल्या आकारावर कातडें बसविणें हा त्याचा पिढीजात धंदा आहे. आऱ्यांपाशीं मात्र त्याच्याजवळ उभें राहावें. तेथें पट्टीला किती खोल काप द्यावयाचा हें चाक पाहूनच ठरतें, आणि काप जास्त गेला कीं सारी पट्टी वायां.

गोंद, सरस, किंवा कसलेंही चिकटद्रव्य लावूं देऊं नये. कारागीर म्हणेल कीं त्यानें काम पक्कें होतें. होतें खरें, पण पुढें आवरण काढतांना चाकाचा मूळ पापुद्रा त्याबरोबर निघतो, आणि जुन्या मोटारीचें मोल तिच्या मूळ वस्तूंत आहे. आपली गाडी पन्नास वर्षांहून जुनी असेल तर ही गोष्ट आणखी महत्त्वाची. केंद्र सरकारनें २०२१ सालीं केलेल्या नियमांनुसार अशा गाडीची व्हिंटेज म्हणून स्वतंत्र नोंदणी करतां येते. तिच्या क्रमांकांत व्हीए हीं अक्षरें येतात, आणि गाडी मूळ स्वरूपांत राखलेली असावी अशी अपेक्षा असते. शिवलेलें आवरण दोरा कापतांच निघून येतें आणि खालचें चाक जसेंच्या तसें राहतें. प्रदर्शनाच्या दिवशीं तें काढावें, प्रवासाच्या दिवशीं नवा दोरा घालून चढवावें.

आवरण चढविल्यावर पहिली परीक्षा घरासमोर घ्यावी. गाडी उभी असतां दोन्ही हातांनीं कडें धरून आवरण फिरवावयाचा जोरानें प्रयत्न करावा. तें केसभरही हललें तर कारागिराला परत बोलवावें. दुसरी परीक्षा दुपारच्या उन्हांत, कारण थंडगार सकाळीं घट्ट वाटलेलें कातडें तापल्यावर सैल पडूं शकतें. मग आमच्यासारख्यांनीं धुळ्यापर्यंत जाऊन यावें, सावकाश. लळिंगचा घाट त्या दिवशीं नको. महिनाभरानें शिवण पुन्हां पाहावी. नवें कातडें या काळांत थोडेंसें ताणलें जातें, आणि चांगला कारागीर दोऱ्याचीं टोंकें त्यासाठींच आऱ्यामागें लपवून ठेवतो. तीं मोकळीं करून, टांके एकेक करून ओढून, पुन्हां गांठ मारली कीं पुढें बरीच वर्षें पाहावें लागत नाहीं. आणि ज्या कागदी नमुन्यावरून पट्टी कापली तो मागून घेऊन, गाडीच्या कागदपत्रांबरोबर ठेवून द्यावा. पुढल्या वेळीं मापें घ्यावयाचा त्रास वांचेल.